गाडी कितीची?

कोंढाळकर भाऊसाहेबांच्या शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी पाच मिनिटं बोललो. वक्तशीर, मितभाषी, विद्यार्थ्यांचा आधार असलेला माणूस, असे ठेवणीतले सगळे शब्द वापरले. मध्येच आवाज थोडा कापराही झाला. जागेवर येऊन बसलो तेव्हा शेजारच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "छान बोललात सर. अगदी मनापासून." मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं. मनापासून बोलण्यासारखं जे होतं, त्यातलं एक अक्षरही मी बोललो नव्हतो. ते बोलायची तिथे सोय नव्हती असं नाही, हिंमत नव्हती.

भाऊसाहेब भोरच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी विभागाचे क्लार्क होते. दत्तात्रय हे नाव फक्त पगारपत्रकावर. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणायचे. मूळ गाव पानशेतच्या बाजूचं, डोंगरातलं. अंगाने किडकिडीत, शर्ट कायम एक माप मोठा आणि वरच्या खिशात पेन्सिलीचे दोन तुकडे. पेन्सिल बोटभर उरली तरी टाकायचे नाहीत. शार्पनरवर त्यांचा विश्वास नव्हता. काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात दाढीचं जुनं ब्लेड असायचं, त्याने टोक काढायचे आणि निघालेला भुसा फुंकर न मारता कागदावर गोळा करून टोपलीत टाकायचे. मस्टरवरची सही सोडली तर या माणसाने कधी पेन हातात धरल्याचं मी पाहिलं नाही. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "पेन लई हट्टी असतंय. एकदा बोललं की माघार न्हाई."

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि पुण्याहून जाऊन-येऊन करतो. रुजू झालो त्याच्या पुढच्याच वर्षी नवीन शैक्षणिक धोरण आलं. मी तरुण, कॉम्प्युटर येणारा आणि नोकरी अजून पक्की नसल्यामुळे नाही म्हणू न शकणारा, तेव्हा समन्वयकपद माझ्याच गळ्यात पडलं. धोरणाची एक गोष्ट मला फार आवडली होती. दर सत्रात किती विषय घ्यायचे हे काही प्रमाणात विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचं. आमच्या कॉलेजने किमान पाच आणि कमाल आठ अशी चौकट आखली. पाच सक्तीचे आणि वरचे तीन मर्जीचे: कॉम्प्युटर, पर्यटन, इंग्रजी संभाषण असे छोटे प्रमाणपत्राचे विषय. आता विद्यार्थ्याने ठरवायचं म्हणजे आमच्याकडे भाऊसाहेबांनी ठरवायचं, कारण फॉर्म भरला जायचा तो त्यांच्या टेबलावर.

त्यांची फॉर्म भरून घ्यायची पद्धत मी दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पाहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी समोर उभी राहिली की बारावीचे मार्क विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, "गाडी कितीची?" म्हणजे गावाला परत नेणारी एसटी किती वाजता सुटते. दुसरा, "दूध कोण काढतं?" तिसरा, "घरात आजारी कोण हाय?" तीन उत्तरं मिळाली की फॉर्म उलटा करायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने टिपण करायचं: 'गाडी ५.००. म्हैस एक. आजी अंथरुणावर.' त्याखाली एक आकडा आणि त्याभोवती गोल. बहुतेकांच्या वाट्याला पाच यायचे. क्वचित सहा.

गाड्यांसाठी त्यांच्या खणात एक लांबट वही होती. भोर स्टँडवरून सुटणारी प्रत्येक गाडी, ती कुठल्या फाट्याला किती वाजता पोचते, फाट्यापासून गाव चालत किती लांब, पावसाळ्यात कुठला ओढा आडवा येतो, मुक्कामी गाडी कुठल्या गावात राहते, हे सगळं त्यात होतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ते स्टँडवर जायचे, ड्रायव्हर-कंडक्टरांबरोबर चहा घ्यायचे आणि वही दुरुस्त करून आणायचे. जुनी वेळ खोडायची, नवी लिहायची. म्हणूनही पेन्सिल.

पाचाचा आकडा ते सगळ्यांवर सरसकट मारायचे असं मात्र नव्हतं. एकदा भोर गावातलाच एक मुलगा आला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर.

"गाडी?"

"मला गाडी लागत न्हाई. हितंच राहतो."

"दूध कोण काढतं?"

"पिशवीचं येतं."

"घरात आजारी?"

"कुणी न्हाई."

"मग तुला काय धाड भरलीय? आठ घे."

मुलगा पाचासाठी गयावया करायला लागला. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आला. भाऊसाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "शेठ, तुमच्या पोराच्या ताटात जागा हाय. वाढून घेऊ द्या." त्या मुलाने आठही विषय सोडवले. भाऊसाहेबांना शिव्या घालत घालत सोडवले, पण सोडवले. विषयांबद्दल बोलताना भाऊसाहेबांच्या तोंडी कायम पंगत असायची. "मागून घ्यायला लाज नसावी, टाकायला असावी," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते सुरू झालं की मी मोबाईल काढायचो.

त्यांनी स्वतः बी.कॉम. नोकरी करत बाहेरून केलं होतं, आणि त्याला सात वर्षं लागली होती. दर वेळी दोनच पेपर द्यायचे, असा नेम. स्टाफरूममध्ये त्यांना 'सातवर्षीय योजना' म्हणायचे. हे नाव मी ठेवलं नव्हतं, पण हसणाऱ्यांत मी होतो. त्यांच्या कानावर ते गेलंच असणार. एकदा ते मला आपणहून म्हणाले, "सात वर्षं लागली खरी, सर. पर एक पेपर दुसऱ्यांदा द्यावा लागला न्हाई." एवढं बोलून त्यांनी हजेरीची यादी पुढे केली.

आमचं खरं वाजलं ते या पाचांवरून. तपासणी समिती येणार होती. प्रमाणपत्राच्या विषयांना साठ विद्यार्थी दाखवायचे होते आणि भाऊसाहेबांच्या पेन्सिलीतून जेमतेम चाळीस सुटले होते. पण फाईल हे एकच कारण नव्हतं, हेही सांगायला हवं. मला मनापासून वाटायचं की हा माणूस भल्याभल्या पोरांना अडवून धरतो आहे. मी तावातावाने त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"भाऊसाहेब, पुण्याची मुलं आठ-आठ विषय घेतात. आपल्या मुलांनी काय पाप केलंय?"

"पाप न्हाई केलं, सर. भात केलंय," ते म्हणाले. "तुमची सत्रं जून आन् डिसेंबरात. हितली सत्रं लावणी आन् काढणी. तुमचं पेपर नेमकं काढणीत येत्यात."

"म्हणजे यांनी जन्मभर मागेच राहायचं?"

"मागं कोण म्हणतंय? आता पाच, दिवाळीनंतर सहा, पुढल्या साली सात. लावणीला एका चुडात तीन-चार रोपं धरत्यात, सर. मूठभर खुपसली तर एकबी फुटत न्हाई."

भातलावणी मी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेली. मला तो युक्तिवाद अडाणी वाटला.

सारिका त्याच वर्षी आली. धरणाच्या पाण्यामागच्या एका वस्तीवरची मुलगी, त्या वस्तीवरून बारावीच्या पुढे शिकायला आलेली पहिलीच. पहिल्या बाकावर बसायची, आणि न समजलेलं समजलं म्हणायची नाही. संधी खर्च, म्हणजे एक मिळवायला दुसरं काय सोडावं लागतं ते, शिकवताना मी वर्गाला उदाहरण लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी पुस्तकातलं गहू आणि कापसाचं लिहिलं. सारिकाने लिहिलं होतं, 'मी सकाळी एक तास अभ्यास केला तर म्हशींची एका वेळची वैरण राहते. म्हणून माझ्या एक तास अभ्यासाचा खर्च म्हणजे एक भारा वैरण.' मी ते उत्तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. अर्थशास्त्र मी शिकवत होतो आणि उत्तर ती लिहीत होती, तरी ते तिच्याच बाबतीत लावून बघावं एवढी अक्कल मला आली नाही.

एक दिवस तिने व्हरांड्यात विचारलं, "सर, आठ घेतलं तर चालंल का? मला कॉम्प्युटर शिकायचाय."

"चालेल काय, धावेल!" मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी तिच्या फॉर्मच्या मागे लिहिलं: 'गाडी ४.१५. म्हशी दोन. आई डेअरीला. वडील कडक.' खाली पाच आणि गोल. तिने हट्ट केला तेव्हा म्हणाले, "दिवाळी हू दे. मंग सहावा कॉम्प्युटर, म्या सोता घालतो." ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले होते. त्या दुपारी भाऊसाहेब पोस्टात गेले होते. फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर, दोऱ्याने बांधलेला. मी तो सोडला, सारिकाचा फॉर्म काढला, पाच खोडरबराने पुसले आणि खिशातल्या निळ्या पेनने आठ लिहिले. पुढच्या बाजूला तीन जास्तीच्या विषयांवर खुणा केल्या, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तशी नोंद केली आणि गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला. सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "तुझे आठ झाले बरं का." कुणी केले ते मी बोललो नाही. तिला वाटलं असेल भाऊसाहेब विरघळले. तिचा चेहरा इतका फुलला की मला माझाच अभिमान वाटला.

भाऊसाहेबांना कळायला एक दिवस लागला. ते माझ्याकडे आले, मी दोन सहकाऱ्यांबरोबर बसलो होतो.

"सर, कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक चारला ठेवलंय?"

"हो. लॅब तेव्हाच रिकामी असते."

"सारिकाची गाडी सव्वाचारची हाय."

"करेल ती काहीतरी. मोठी झाली आहेत मुलं. आणि भाऊसाहेब, तुम्ही क्लार्क आहात, तिचे पालक नाही."

सहकारी खाली मान घालून पेपर चाळायला लागले. भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवला, "बरं," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने मी ऑफिसात डोकावलो तर ते ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. टोक आधीच चांगलं होतं.

पुढे काय झालं ते पेन्सिलीने लिहिलेल्या त्या चार ओळींत आधीच होतं. सव्वाचारची गाडी गेली की पुढची थेट मुक्कामी, ती वस्तीच्या फाट्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला. वडील म्हणाले, अंधारात पोरगी येणार न्हाई. म्हणून आठवड्यातले तीन दिवस ती भोरात मामाकडे राहायला लागली. मामाच्या घरी धुणीभांडी तिच्याकडे आली. इकडे घरी आईची डेअरीची वेळ चुकायला लागली. ऑक्टोबरात वर्गात ती बसल्या जागी पेंगायची आणि मी तिला वर्गासमोर म्हणालो, "काय सारिका, संधी खर्च झेपेना वाटतं?" वर्ग हसला. तीही हसली. सत्राच्या शेवटी सक्तीच्या पाच विषयांचे पेपर तिने दिले. जास्तीच्या तिन्ही विषयांची परीक्षा आमची आम्ही ठेवली होती, ती ऐन काढणीत आली. त्या दिवशी ती भाताच्या खाचरात होती.

निकाल फेब्रुवारीत लागला. सक्तीच्या पाचही विषयांत ती उत्तीर्ण होती, अर्थशास्त्रात तर वर्गात पहिली. पण गुणपत्रिकेवर आठ विषय होते, त्यातल्या तिनांपुढे 'गैरहजर' असा शेरा होता आणि तळाला ठळक छापलेलं होतं, अनुत्तीर्ण. गुणपत्रिकेवर काहीही छापलेलं असो, नियमाप्रमाणे जास्तीचे विषय राहिले तरी काही बिघडत नाही, ते धरलेच जात नाहीत. हे मला माहीत होतं. समन्वयकच होतो मी.

तिचे वडील प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले, सारिका त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी. मला बोलावणं आलं. माणूस भांडायला आला नव्हता. टोपी हातात धरून तो नुसता विचारत होता.

"साहेब, म्या पोरीला शिकाया पाठवली व्हती. भावकीच्या इरोधात पाठवली. तीन इषयात नापास म्हंजी वस्तीला त्वांड कसं दावू? लोक म्हनत्यात, भोरात राहून पोरगी काय करत व्हती. इतकं इषय तिला कुनी घ्याया लावलं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं: तुमची मुलगी नापास नाही, त्या तीन विषयांना काही अर्थ नाही. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, की अर्थ नव्हता तर घातले कुणी? मी म्हणालो, "फॉर्म ऑफिसमध्ये भरले जातात."

या वाक्यात खोटं काहीच नाही. मी ते नंतर कितीतरी वेळा तपासून पाहिलं आहे.

भाऊसाहेबांना बोलावलं. ते फॉर्म घेऊनच आले. प्राचार्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला. मागे पेन्सिलीची ती चार टिपणं, खाली अर्धवट पुसलेला गोल आणि गोलाच्या मधोमध निळ्या शाईचे आठ. भाऊसाहेबांच्या टेबलावर पेन नसतं हे कॉलेजात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. प्राचार्यांना ते दिसलं नसेल असं मी आजही मानत नाही. पण समिती पुढच्या आठवड्यात येणार होती आणि तिच्यापुढे मला उभं राहायचं होतं. भाऊसाहेबांनी फॉर्मकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग ते सारिकाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "फॉर्म माझ्या टेबलावरनं गेलाय, पाव्हणं. चूक माझी हाय."

त्यांना लेखी मेमो मिळाला. तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा. मी त्या संध्याकाळी पुण्याला जाताना गाडी चालवत स्वतःला समजावत होतो की योग्य वेळ बघून प्राचार्यांना सांगू. समिती येऊन जाऊ दे. समिती आली आणि गेली, फाईलचं कौतुक झालं, माझी नोकरी पक्की झाली. योग्य वेळ काही आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी भाऊसाहेब सारिकाच्या वस्तीवर गेले होते, हे मला तिकडच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. तिच्या ओट्यावर बसून त्यांनी वडिलांना दोन तास नियम समजावला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि गुणपत्रिका पुढे करून विचारलं, "भाऊसाहेब, हे छापलंय ते खोटं हाय का?" त्याला भाऊसाहेब काय सांगणार? बोलण्याच्या नादात त्यांची परतीची गाडी चुकली. सगळ्या तालुक्याच्या गाड्या तोंडपाठ असलेला माणूस फाट्यापासून पुढच्या गावापर्यंत चालत आला. सोमवारी ऑफिसात थोडे लंगडत होते. मी विचारलं, "काय झालं भाऊसाहेब?" ते म्हणाले, "चप्पल चावली."

मे महिन्यात सारिकाचं लग्न झालं, सारोळ्याकडे दिलं तिला. त्याच महिनाअखेरीला भाऊसाहेब निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्याला आमच्याकडे शाल, नारळ आणि मानपत्र देतात. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं, लिहूनही झालं होतं. पण बैठकीत कुणीतरी काढलं की मेमो असलेल्या माणसाला मानपत्र देता येत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात माझीही मान हलली.

शाल खांद्यावर तशीच ठेवून ते माझ्याकडे आले आणि ती लांबट वही माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी असू द्या, सर. कॉम्प्युटरात न्हाई ही," एवढंच म्हणाले. मी ती माझ्या कपाटात ठेवली.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. ऑगस्ट असेल. कापूरहोळला माझी गाडी पंक्चर झाली आणि दुकानदाराने अर्धा तास लागेल म्हणून सांगितलं. मी चहाच्या टपरीकडे वळलो तर बाकावर भाऊसाहेब बसलेले, आणि शेजारी सारिका. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. त्या बांगड्या बघून माझे पाय जागीच थांबले. मागे फिरावं की काय, असंही मनात आलं. पण तोवर भाऊसाहेबांनी पाहिलं होतं.

"या या, सर! बरं झालं गावलात. एक सही पायजे व्हती."

ती सारोळ्याहून आली होती, ते भोरहून. कापूरहोळ दोघांनाही सोयीचं. दूरशिक्षणाचा फॉर्म भरायचं चाललं होतं. सासूबाई हो म्हणाल्या होत्या, सकाळ-संध्याकाळचं दूध सांभाळून काय ते कर म्हणाल्या होत्या. फॉर्मच्या मागच्या बाजूला पेन्सिलीचं टिपण मला उलटं दिसलं: 'गाडी २.३०. म्हशी तीन. सासू बरी.' खाली दोन, आणि गोल.

"ते पाच पास हायेत ना, त्ये हिकडं जमेस धरत्यात," भाऊसाहेब सांगत होते. "झेरॉक्सवर प्राध्यापकाची सही असली म्हंजी काम पक्कं."

त्यांनी झेरॉक्स पुढे केली. तीच गुणपत्रिका. आठ विषय, तीन शेरे, तळाला तो शब्द. मी खिशातलं पेन काढलं आणि त्या शब्दाच्या बरोबर खाली लिहिलं, 'मूळ प्रतीवरून पडताळली', आणि सही केली. त्या कागदावर माझी सही असायला हवी होतीच, फक्त सहा महिने उशिरा आली. सही वाळेपर्यंत मी तो कागद धरून राहिलो. मग माझ्याच्याने राहवेना.

"सारिका, ते आठ भाऊसाहेबांनी नव्हते केले. मी केले होते."

ती पिशवीची गाठ सोडत होती, ती सोडायची थांबली नाही.

"मला म्हाईत हाय, सर," ती म्हणाली. "भाऊसाहेब पेनानं कुठं लिवत्यात? म्या त्याच दिशी बघितलं, फॉर्म प्राचार्यांच्या टेबलावर व्हता तवा."

"मग तू वडिलांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार व्हते. बाहेर आल्यावर भाऊसाहेबच म्हणाले, बोलू नगंस. सर नवीन हायेत, नोकरी अजून पक्की न्हाई त्यांची. चुकून केलं आसंल." कागद तिने माझ्या हातातून घेतला, घडी पडणार नाही असा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चुकूनच केलं व्हतं ना, सर?"

माझ्या नोकरीची काळजी माझ्याखेरीज आणखी दोन माणसं वाहत होती, आणि ती दोन कोण होती ते मला तेव्हा, टपरीच्या बाकावर कळत होतं. भाऊसाहेब रस्त्याकडे बघत होते. हे सगळं त्यांच्या कानावर पडतच नव्हतं, अशा थाटात.

"सारोळ्याकडची आली," ते उठून म्हणाले. "चल, पोरी. अडीचची हाय, आज येळेवर हाय."

ती गाडीत चढली, खिडकीतून त्यांना हात केला. मलाही केला. भाऊसाहेबांची भोरची गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, पंक्चर निघालं की सोडतो घरापर्यंत. ते म्हणाले, "कशाला? तुमचं त्वांड पुण्याकडं." मग चहा सांगितला आणि बशीत ओतता ओतता विचारलं, "आता फॉर्म कोन भरतं, सर?"

"मुलंच भरतात. मोबाईलवर. आता सगळं ऑनलाइन झालंय."

"किती घेत्यात?"

"आठ. आठांवर आधीच खूण असते. नको असलेले काढून टाकायचे."

"काढत्यात का कुनी?"

"नाही."

त्यांनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला. "आन् गाडी कोन इचारतं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. भोरची गाडी आली, ते मोठ्या मापाचा शर्ट सावरत चढले, दाराजवळच्याच सीटवर बसले, आणि गाडी हलताना खिशावर हात ठेवून पेन्सिली जागेवर आहेत ना ते त्यांनी बघितलं. तेवढंच दिसलं. डिसेंबरात ते गेले, झोपेतच गेले म्हणतात.

शोकसभा झाल्यावर मी कपाट उघडून ती वही काढली. पहिल्यांदाच उघडली. सारिकाच्या वस्तीच्या फाट्याचं पान सापडलं. मग वर्गात गेलो, आणि तिकडून येणारी एक मुलगी पुढच्या बाकावर असते, तिला विचारलं, "तुझी गाडी कितीची?" ती दचकली. कॉलेजात तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "साडेतीनची, सर. सव्वाचारची बंद होऊन सहा महिने झाले." शेवटच्या दोन तासांना ती का नसते, ते मला तेव्हा कळलं. तिलाही आठच विषय आहेत. वही पुन्हा कपाटात आहे, आणि तिच्यात अजून सव्वाचारच लिहिलेलं आहे.